अळणी आमटी आणि नऊ दिवसांचे निरोप

गेल्या महिन्यात आमच्या शाळेत एक समुपदेशक मॅडम आल्या होत्या. शहापूरच्या या शाळेच्या कार्यालयात मी सव्वीस वर्षं आहे. दाखले, हजेऱ्या, खडूंचे खोके, सगळ्याच्या याद्या माझ्या कपाटात असतात, त्यामुळे कार्यक्रम कुठलाही असो, खुर्च्या किती लागतील ते मलाच विचारतात. मॅडमनी पालकांना आणि आम्हा कर्मचाऱ्यांना एकेक कोरा कागद वाटला आणि म्हणाल्या, "तुमच्या लहानपणी घरात राग कसा दिसायचा, ते आठवून लिहा." लोक पेनाची टोपणं चावत छताकडे बघत बसले. मी दोन मिनिटांत कागद भरून दिला. मॅडमना वाटलं मी टाळाटाळ केली. "इतक्या लवकर आठवलं?" मी म्हटलं, "आठवावं लागलं नाही. ही यादी मी सहावीत असताना केली होती."

ती यादी माझ्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर होती आणि तिचं नाव होतं 'आईची भांडी'. हंडा जमिनीवर टेकताना धप्प वाजला, तर आई दमली आहे, राग नाही, जवळ जायला हरकत नाही. पळी परातीवर टणकन आपटली, तर राग रंजीवर आहे आणि पाच मिनिटांत उतरेल. रंजी म्हणजे माझी धाकटी बहीण, ती यादीत बऱ्याच ठिकाणी यायची. फळीवरचं झाकण कोणी हात न लावता खाली पडलं, तर राग बाबांवर. हात कोणी लावला नव्हता हे आई शपथेवर सांगू शकली असती, इतकं ते झाकण तिच्या मनातलं ओळखून पडायचं. आणि भांड्यांचा काहीच आवाज नसेल, पातेलं चुलीवरून उतरलेलंही कळत नसेल, तर आपण दोघींनी शेण काढायला, पाणी आणायला, कुठेही, पण घराबाहेर जायचं. आई तानसा तलावाकडची. तिच्या माहेरी कोणी मोठ्याने बोलत नसे. तिचे वडील रागावले की जाऊन पाण्याकडे बघत बसायचे असं ती सांगायची. आमच्या गावात बघत बसण्यासारखं एवढं पाणी नव्हतं, म्हणून बहुधा तिने भांड्यांवर भागवलं.

बाबांची यादी करायची गरजच नव्हती. बाबा टोकावड्याला भाताच्या गिरणीवर होते. मालक कल्याणला राहायचे, गिरणी सगळी बाबांच्या हातात. गिरणी चालू असली की शेजारच्या माणसाला "सरक" म्हणायचं तरी पोटातून ओरडावं लागायचं, आणि संध्याकाळी घरी येताना बाबा डोक्यावरचा कोंडा झटकून यायचे, आवाज झटकायचा मात्र राहून जायचा. "नंदे, पाणी!" म्हणाले की शेजारच्या घरातली नंदा पण उठायची. त्यांचा राग दोन मिनिटांचा. त्या दोन मिनिटांत कौलं हलायची, बैल कान टवकारायचा, आणि तिसऱ्या मिनिटाला बाबा, "चाय टाकतेस का गो?" असं इतक्या निर्मळ मनाने विचारायचे, की मघाशी ओरडला तो दुसराच कोणी होता असं वाटावं. अडचण एवढीच, की बाबांचा राग संपायचा तिथे आईचा सुरू व्हायचा.

आम्ही दोघी बहिणी एकाच चुलीवरचं जेवून दोन तऱ्हेच्या झालो. रंजी बाबांवर गेली. शाळेत कोणी तिची पाटी घेतली की ती त्याच्या अंगावर जाऊन गाव गोळा करायची, आणि मधल्या सुट्टीत त्याच मुलीबरोबर बसून मीठ लावून चिंचा खायची. तिला गावभर मैत्रिणी. मी आईवर गेले. माझी पाटी कोणी घेतली, तर मी काही बोलायची नाही. कोणी, कधी आणि कितव्यांदा घेतली ते लिहून ठेवायची. मला एकच मैत्रीण होती आणि तिच्या नावावर वहीत सतरा गोष्टी जमा होत्या. तिला त्यातली एकही माहीत नव्हती. गुरुजी आईला सांगायचे, "नंदा फार शहाणी मुलगी. कधी आवाज नाही." ते ऐकून आई समाधानाने मान हलवायची आणि मीसुद्धा. आज आमच्या शाळेत अशी मुलगी दिसली की मी तिला उगाच कार्यालयात बोलावते, खडू मोजायला बसवते आणि मोजता मोजता विचारते, "काय गं, कोणावर रागावलीयस?"

तर ती सातवीची परीक्षा झाल्यावरची गोष्ट. गावची शाळा सातवीपर्यंतच. पुढे मुरबाडला हायस्कूल होतं आणि तिथे मुलींचं वसतिगृह. मला तिथे जायचं होतं. शिकायची हौस होतीच, पण खरं सांगायचं तर आणखी एका कारणासाठी जायचं होतं, आणि ते कारण म्हणजे आमच्या घरातली माझी नोकरी.

आई बाबांशी अबोला धरायची, त्याचे नियम असे. स्वयंपाक वेळेवर. अंघोळीचं पाणी वेळेवर. डबा वेळेवर. फक्त बोलणं सगळं माझ्यामार्फत. बाबा दोन हातांवर बसलेले असले तरी आई म्हणायची, "नंदे, तुझ्या बाबांना सांग, पाणी तापलंय." बाबा तिथूनच, "आयकला मी!" असं ओरडायचे. आई ढिम्म. "नंदे, सांगितलंस का?" मग मी त्या दोन हातांचं अंतर चालून जायची आणि सांगायची, "बाबा, पाणी तापलंय." मी सांगेपर्यंत ते पाणी तापलेलं धरत नसत. रंजीला हे काम मिळत नसे, कारण एकदा तिने निरोप पोचवताना स्वतःचंही मत जोडलं होतं आणि दोघांचा मार खाल्ला होता.

त्या वर्षीचा अबोला गिरणीवर सुरू झाला. गिरणीवरची पद्धत अशी होती, की बाया आपापल्या भाताच्या टोपल्या ओळीने लावायच्या आणि भरडायच्या आधी बाबा प्रत्येक टोपलीतला एक दाणा दाताखाली धरून बघायचे. कट् आवाज आला तर वाळलेलं, टोपली पुढे. दाणा दाताला दबला तर ओलं. ओलं भात भरडलं की सगळी कणी होते आणि लोक गिरणीवाल्याला नावं ठेवतात. म्हणून बाबा या बाबतीत सख्ख्या भावाचं ऐकत नसत. ते टोपलीकडे बघायचे, टोपलीवाल्याकडे बघायचेच नाहीत. त्या दिवशी आई आमची टोपली घेऊन गेली आणि गिरणीवाल्याची बायको असूनही मुकाट्याने ओळीत नवव्या नंबरला उभी राहिली. बाबांनी नवव्या टोपलीतला दाणा चावला, थुंकला आणि मान वर न करता गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजाच्या वर ओरडले, "हे कोनाचं? ओलं हाय! अक्कल नाय का? दोन दिस उन्हात टाका आनि मग या!" बाया हसल्या. एक म्हणाली, "गिरणीवाले, जरा मान वर करा." बाबांनी मान वर केली. पण तोवर आईने टोपली डोक्यावर घेतली होती आणि ती चालायला लागली होती. कणगीत ओल धरलेलं ते भात खळ्यात वाळत घातलं होतं आणि आदल्या दिवशी त्यात हात घालून, "वाळला, ने उद्या," असं बाबांनीच सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी घरात एकाही भांड्याचा आवाज झाला नाही. मी रंजीला घेऊन बाहेर पडले आणि जाता जाता दप्तरातून वही घेतली, कारण माझं काम सुरू झालं होतं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी निरोप जसाच्या तसा कधी पोचवत नव्हते. भांडण वाढलं तर मुरबाडचं राहून जाईल ही मला भीती. वसतिगृहाच्या अर्जावर आई आणि वडील दोघांची सही लागायची, आणि दोघांना तिथे समक्ष जावं लागायचं. म्हणून मी प्रत्येक निरोपाचे काटे काढून तो पुढे द्यायची. आई म्हणाली, "सांग त्यांना, भाकर पायजे तर गिरणीवरच्या हसनाऱ्या बायांकडं जा," तर मी बाबांना सांगायची, "आई म्हणते, जेवायला बसा." बाबा म्हणाले, "सांग तिला, तोंड शिवून बसायचा तर खुशाल बस, मला काय फरक नाय पडत," तर मी आईला सांगायची, "बाबा विचारतात, तू जेवलीस का." आणि सांगितलेलं एक, पोचवलेलं दुसरं, यात माझा मलाच गोंधळ होऊ नये म्हणून मी वहीत मधोमध रेघ मारून दोन रकाने केले. डावीकडे 'म्हणाले', उजवीकडे 'सांगितले'. इतकी नीटनेटकी लबाडी आमच्या तालुक्यात दुसऱ्या कोणी केली नसेल.

पहिल्याच दिवशी आई रागाच्या भरात वालाच्या आमटीत मीठ घालायला विसरली. बाबांनी घास घेतला आणि म्हणाले, "नंदे, सांग तिला, आमटी अळणी हाय. एवढा राग? जनावरं तरी खातील का असलं?" मी आत गेले. आईच्या हातात पातेलं होतं आणि पातेल्याचा आवाज येत नव्हता. मी म्हटलं, "बाबा म्हणतात, आमटी मस्त झालीय." आई थांबली. "मस्त?" "हो. त्यांना अशीच आवडते म्हणाले." नंतर आई जेवायला बसली तेव्हा पहिला घास तोंडात घेऊन बराच वेळ विचार करताना मी तिला बघितलं.

दुसऱ्या दिवशी बाबांचं बिरडं अळणी. तिसऱ्या दिवशी पिठलं अळणी. चौथ्या दिवशी सुक्या जवळ्याची चटणी. जवळ्यात मुळातच मीठ असतं, तर आईने तो तीनदा धुऊन घेतला होता. आमच्या तिघींच्या ताटात मात्र सगळं चवीला बरोबर. म्हणजे ती बाबांपुरतं वेगळं काढत होती. मला कळत होतं काय झालंय, आणि कळत असूनही मी गप्प होते, कारण पहिलं खोटं निस्तरायला वहीत तिसरा रकाना लागला असता. बाबा दिवसेंदिवस गप्प व्हायला लागले. बाबा गप्प, हे मी आधी कधी बघितलं नव्हतं आणि त्याची यादीही माझ्याकडे नव्हती. सहाव्या दिवशी ते गिरणीवरून येताना मिठाची पुडी सदऱ्याच्या खिशात घालून आले आणि जेवताना आमच्याकडे पाठ करून बसले. रंजी मोठ्याने म्हणाली, "बाबा खिशातून काय खातात?" मी तिला चिमटा काढला. ती बोंबलली. चिमटा कशाला काढला ते सांगायची सोय नव्हती, म्हणून त्या दिवशी मार मला बसला.

नवव्या दिवशी मुरबाडला जायचं होतं. अर्ज द्यायचा तो शेवटचा दिवस. फाट्यावर एस. टी. आली, बाबा चढून ड्रायव्हरच्या मागे बसले, आई चढून अगदी शेवटच्या बाकावर बसली आणि मी मध्ये दांडी धरून उभी राहिले. वैशाखऱ्याकडून बाजाराला निघालेली माणसं होती, गाडी भरलेली. आई मागून म्हणाली, "नंदे, शाळेचा दाखला घेतला का विचार त्यांना." मला पुढे सरकायला जागा नव्हती. तेवढ्यात माझ्या शेजारच्या आजोबांनीच पुढच्याला सांगितलं, त्याने त्याच्या पुढच्याला, आणि निरोप बाकामागून बाक ओलांडत बाबांपर्यंत गेला. बाबा वळून गरजले, "घेतलाय! नवऱ्याला अक्कल नाय असं वाटतं का तिला?" हेही तसंच्या तसं, एक शब्द न गाळता, हातोहात मागे आलं. मी घाबरून डोळे मिटले. आई खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "अक्कल कोनी काढली पयली, ते त्यांना आठवत असेल." तेही पुढे गेलं. मुरबाड येईपर्यंत पूर्ण गाडीला आमचं भांडण ठाऊक झालं होतं आणि एक बाई उतरताना माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "ओलं होतं का गो खरंच भात?"

वसतिगृहाच्या बाई टेबलामागे बसल्या होत्या. उंच, चष्मा, पांढरं पातळ. त्यांनी आम्हाला समोरच्या बाकावर बसवलं. आई एका टोकाला, बाबा दुसऱ्या टोकाला, मी मध्ये. बाईंनी अर्ज पुढे ओढला आणि विचारलं, "मुलीला इथे ठेवायला दोघांचीही तयारी आहे ना?"

आई म्हणाली, "नंदे, विचार तुझ्या बाबांना."

बाबा म्हणाले, "नंदे, सांग तिला, माझी तयारी कधीपासून हाय. तिचं तिनं सांगावं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तुम्ही दोघं एकमेकांशी बोलत नाही का?"

"बोलतो की!" दोघंही एकदमच म्हणाले. नऊ दिवसांत त्यांच्यात झालेलं ते पहिलं एकमत.

"मग बोला."

आईने पदर सारखा केला. "नंदे, सांग त्यांना. पाठवा म्हणावं पोरीला. शिकू दे. पन ती गेल्यावर त्या घरात माझ्याशी बोलायला कोन हाय, तेवढा सांगा म्हणावं."

मी बाबांकडे वळले आणि सवयीने म्हटलं, "आई म्हणते, पाठवा."

"थांब," बाई म्हणाल्या. "त्या एवढंच म्हणाल्या का?"

मी दप्तर छातीशी धरलं.

"मी इथेच बसले आहे, मला ऐकू येतं. अर्धं वाक्य कुठे गेलं? तू नेहमी असंच करतेस?"

माझी सवय अशी, की कागदपत्र कोणी मागितलं तर मी ते काढून देते. आजही देते. मी दप्तरातून वही काढली, मागचं पान उघडलं आणि टेबलावर ठेवली. "सगळं लिहिलंय, बाई."

बाईंनी वही वाचायला घेतली आणि हजेरी घ्यावी तशा एकसुरी आवाजात मोठ्याने वाचायला लागल्या. "म्हणाली, भाकर पायजे तर हसनाऱ्या बायांकडं जा. सांगितले, जेवायला बसा." आई आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागली. "म्हणाले, तोंड शिवून बसायचा तर खुशाल बस. सांगितले, तू जेवलीस का." बाबांनी खाकरून घेतलं. "म्हणाले, आमटी अळणी आहे, जनावरं तरी खातील का. सांगितले, आमटी मस्त झालीय, अशीच आवडते."

"अळणी?" आई म्हणाली. कोणामार्फत न बोलता, सरळ. "तुमाला नको होती अळणी?"

"मला?" बाबा म्हणाले. "चार दिस मिठाची पुडी घेऊन फिरतोय मी!"

"मी तुमच्यासाठी येगळी काढत होते! मला वाटला, एवढा भांडण झाला तरी माणसानं आमटी चांगली म्हटली, म्हणून..." आईचं वाक्य तिथेच राहिलं. मग दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं. नऊ दिवस मी त्यांना एकत्र आणायचा प्रयत्न करत होते, तो या बाबतीत सफल झाला.

बाईंनी वही मिटली. अर्ज उचलला आणि बाजूला ठेवला. "इथे मी एकटी आणि साठ मुली," त्या म्हणाल्या. "कोण काय बोललं, कोणाचं काय दुखतंय, ते मला मुलींच्याच तोंडून कळतं. ज्या मुलीचं बोलणं उलटून बघावं लागेल, तिला मी कशी ठेवू?"

त्या बाजूला ठेवलेल्या अर्जाकडे बघताना माझ्यात काय झालं ते मला आजही नीट मांडता येत नाही. एवढंच सांगते, की तोंड उघडल्यावर बाहेर आलेला आवाज माझा नव्हता, गिरणीचा होता. "मग मी काय करू?" मी ओरडले. "खरं सांगितला तर भांडण वाढतो! गोड सांगितला तर आमटी अळणी होते! घरात कोनी पाणी तापलंय हे पन सरळ सांगत नाय! मला नाय न्यायचे निरोप! मी नाय जाणार मधी! तुमचं तुमी बोला!" खिडकीतली दोन कबुतरं उडाली. दारातून शिपाई डोकावून गेला. मी उभी होते, आणि सगळ्यात आश्चर्याची गोष्ट म्हणजे छप्पर जागेवर होतं.

मग आई बोलली. तिने बाबांकडे तोंड केलं आणि माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत म्हणाली, "चारचौघींत मला ओलं म्हणालात!"

"तुला नाय गो! भाताला!"

"अक्कल नाय असं भाताला म्हणालात?"

बाबांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, आणि मग मी जन्मात ऐकला नव्हता इतक्या खालच्या आवाजात ते म्हणाले, "चुकला माझा." इतक्या खालच्या, की बाई पुढे वाकल्या. "मी बघितलंच नाय टोपली कोनाची ती. आदल्या दिशी हात पन वरवरच घातला होता. चुकला."

"आनि ती गेल्यावर मी कोनाशी बोलू?"

"माझ्याशी बोल ना."

"तुमी ओरडता."

"तू मधीच सांग मग, ओरडू नका म्हनून. भांडी कशाला आपटत ऱ्हातेस? मला गिरणीत राहून भांड्यांचा काय आयकू येत नाय."

हे ऐकून मी खाली बसले. म्हणजे इतकी वर्षं ती सगळी झाकणं फक्त माझ्यासाठी पडत होती.

बाईंनी अर्ज पुन्हा पुढे ओढला. आईला विचारलं, "तुमची तयारी?" आई म्हणाली, "हाय." बाबांना विचारलं, "तुमची?" बाबा म्हणाले, "हाय," आणि आपला आवाज पुन्हा वर गेला हे लक्षात येऊन हळू म्हणाले, "हाय." सह्या झाल्या. मग बाई मला म्हणाल्या, "आवाज आहे की तुला. इथे वापरायचा. आणि ती वही घरी ठेवून ये."

परतीच्या गाडीत दोघं एका बाकावर बसले आणि मी मागे. मी कान देऊन होते. टोकावडं येईपर्यंत त्यांच्यात एवढंच झालं. आई म्हणाली, "आजपासून मीठ घालू ना?" बाबा म्हणाले, "घाल." पण दोघंही एकमेकांच्या अंगावरून खिडकीबाहेर बघत होते आणि बाबांनी कंडक्टरशी उगाचच हसून गप्पा मारल्या.

वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात माझी बादली एका मुलीने घेतली. मी जेवणानंतर माझं ताट जोरात घासलं. पेला आपटला. वाटी हातातून सुटू दिली. तिथल्या साठ मुलींपैकी एकीलाही ती भाषा येत नव्हती. एकीने तर, "हात दुखतोय का?" असं विचारून माझं ताटही घासून दिलं. तिसऱ्या दिवशी मी त्या मुलीसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "ती बादली माझी आहे. मला राग आलाय." ती म्हणाली, "अगं, मग आधी सांगायचंस ना," आणि बादली दिली. एवढंच होतं ते. तेरा वर्षांच्या आयुष्यात मला कोणी हे सांगितलं नव्हतं, की एवढंच असतं.

घरी माझी जागा रंजीला मिळाली. अबोले काही एका दिवसात बंद होत नाहीत. पण रंजी निरोप जसाच्या तसा द्यायची, वर दुप्पट आवाजात, आणि बोलणाऱ्याचा हावभावही करून दाखवायची. आई म्हणाली, "सांग त्यांना, मला नाय बोलायचं," की रंजी पडवीत जाऊन, कमरेवर हात ठेवून, नाक उडवून ते करून दाखवायची. बाबा हसायचे, आईला आतून ऐकू यायचं, आणि मग तीही हसायची. "तुझ्या वेळी नऊ नऊ दिस चालायचा," आई मला नंतर सांगायची. "हिच्या वेळी दुपारच्या जेवणाला पन पुरत नाय." मी सांभाळून सांभाळून जे लांबवत होते, ते रंजीने ओरडून आटोपतं घेतलं, हे मान्य करायला मला बरीच वर्षं लागली. आता ते यादीत आहे.

बाबांचे कान गिरणीने नेले. यंत्र आणून दिलंय, ते कपाटात असतं. डॉक्टरांनी त्यांना मीठही बंद केलंय. गेल्या रविवारी मी गेले तेव्हा आई त्यांच्यापुरती आमटी वेगळी काढत होती, न विसरता, मोजून अळणी. मी आणि बाबा पडवीत जेवायला बसलो. आई आत चुलीपाशी, दोन हातांवर. बाबांनी आमटीचा भुरका मारला, दुसरा मारला, आणि मग सबंध आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "नंदे, सांग तिला, आमटी मस्त झालीय."

मी उठले. आत गेले. म्हटलं, "आई, बाबा म्हणतात, आमटी मस्त झालीय."

आईने मान वर करून माझ्याकडे रोखून बघितलं. "ते म्हनाले, का तू म्हनतेस?"

"ते म्हणाले. जसंच्या तसं."

आईने पातेलं उचललं, ते दाराच्या चौकटीवर टणकन वाजलं, आणि ती स्वतः पडवीत गेली वाढायला.